कासिल्दाबाईंनी न दिलेला राजीनामा

१

राजीनाम्याची बातमी आली तेव्हा एदुविहेस लारोन्दोच्या हातात मक्याच्या पानात उकडलेला अर्धा तमाल होता, आणि उरलेला अर्धा त्या दिवशी तिच्या नशिबी नव्हता. विधानसभेच्या दफ्तरखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईची अपेक्षा ती काय असणार? सकाळी साडेआठ ते नऊ कुणी डोकं खाऊ नये. तेवढंही या इमारतीला जमत नव्हतं.

सभापतींच्या कचेरीतून फोन आला. आमदार कासिल्दा ओन्तिवेरोस यांनी राजीनामा दिलाय, बारा वाजता सभागृहात वाचायचाय, मागच्या राजीनाम्यांचे दाखले काढून ठेवा. पाठोपाठ शिपाई त्याची प्रत टेबलावर टाकून गेला.

एदुविहेसला राजीनाम्यांचा मनापासून तिटकारा होता. सगळे एका छापाचे. प्रकृतीच्या कारणास्तव. तिने अशा दीडएकशे प्रकृती जिल्दीत बांधल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या पुढच्याच रविवारी कुणाच्या तरी लग्नात नाचताना दिसल्या होत्या. हाही तसाच. माथ्यावर यंदाच्या वर्षाची गौरवाची ओळ, मग मायना, मग चारच ओळींचा मजकूर. त्यातल्या दोन ओळी पदांच्या यादीने भरलेल्या. पाणी समितीच्या अध्यक्ष, शिक्षण समितीच्या सदस्य, ग्रंथालय समितीच्या सदस्य. सान हासिन्तोच्या विधानसभेत माणूस शेंगदाणे मागवायला चिठ्ठी लिहील तरी खाली आपली सगळी पदं लावील.

ती उरलेला तमाल उचलणार तोच दार आपटलं आणि कासिल्दाबाई आत आल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, केस घट्ट बांधलेले. एल कारिसालच्या शाळेत वीस वर्षं शिकवून मग राजकारणात आलेल्या. अजून सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत, आणि त्या अजून सगळ्यांशी तशाच वागत.

"दोन्या एदू, हे पत्र मी लिहिलेलं नाही." इमारतीत सगळे एदुविहेसला अशीच आदराने हाक मारत.

"मग ही सही कुणीतरी गिरवली असणार. कळवा सभापतींना, आणि मला माझं खाऊ द्या."

कासिल्दाबाई खुर्चीत बसल्या. एरवी त्या या खोलीत कधी बसत नसत, उभ्यानेच पुस्तकं मागून घेऊन जात.

"तीच तर पंचाईत आहे," त्या म्हणाल्या. "सही माझीच आहे."

२

दुपारी बारा वाजता काय होणार हे साऱ्या शहराला पाठ होतं. डोंगरातले झरे तीस वर्षांसाठी बाटलीबंद पाण्याच्या एका कंपनीला द्यायचं विधेयक मताला येणार होतं. आमदार पंचवीस. सत्तेतल्या पक्षाचे तेरा, विरोधकांचे बारा. कासिल्दाबाई त्या तेरांपैकी, आणि महिनाभर त्या उघड सांगत होत्या की मत विरोधात देणार. त्यातला सगळ्यात मोठा झरा एल कारिसालचा. तो गेला की खालच्या चार गावांच्या विहिरींना फक्त तळ उरणार. राजीनामा वाचला गेला तर त्यांच्या जागी त्यांच्यासोबत निवडून आलेला बदली आमदार बसणार आणि मुकाट हात वर करणार. एका कागदाने तेराव्या मताची बाजू बदलणार होती.

सभापती बाउदेलियो हे भांडणांना कंटाळलेले सद्गृहस्थ. त्यांनी नोंदवहीतली सही ताडून पाहिली होती, ती जुळली होती. नियमाला यापलीकडे काही लागत नव्हतं. "बाई स्वतःच म्हणतात सही त्यांची," ते एदुविहेसला म्हणाले. "मी काय करू? बारापर्यंत हा कागद खोटा आहे असं मला कुणी दाखवलं तर ठेवतो बाजूला. नाही तर वाचतो. तुमच्याइतकी या इमारतीतल्या कागदांची माहिती कुणाला नाही. बघा."

म्हणजे तिच्याच गळ्यात. निवृत्तीला सात महिने राहिलेत आणि अजून ही कामं.

ती मूळ पत्र पाहायला खाली आवक-जावकला गेली. तिथल्या बाईला विचारावं तर ती म्हणाली, कागद आठ वाजता ट्रेमध्ये होता, तिने शिक्का मारला. ठेवला कुणी? काय माहीत. ट्रे उघडा असतो, सगळे येऊन टाकून जातात, आणि ती कॉफी आणायला गेली होती. कॉफीला किती वेळ? नेहमीचा. नेहमीचा म्हणजे पाऊण तास, हे एदुविहेसला ठाऊक होतं. तिने दात आवळले आणि पत्र खिडकीशी नेलं.

प्रत चाळताना लक्षात न आलेलं काहीतरी मूळ पत्रात दिसत होतं. मजकूर चारच ओळी, पण ओळींमध्ये इतकं अंतर की मधून गाढव जावं. तरीसुद्धा मजकूर संपला आणि खाली ओसाड जागा राहिली, आणि त्याच्याही खाली, कागदाच्या अगदी काठाला टेकून, सही. माणूस पत्र लिहितो आणि मजकुराखाली सही करतो. इथे मजकूर ओढून ताणून सहीपर्यंत न्यायचा प्रयत्न झाला होता आणि तो पोचलाच नव्हता.

तिने कागद उजेडासमोर धरला. आत पाणचिन्ह होतं, गरुडाचं. ते कागदाच्या मध्यावर नव्हतं. दोन बोटं खाली घसरलेलं होतं.

३

सव्वानऊ झाले होते. एदुविहेसने आधी नेरेइदाला गाठलं. नेरेइदा ही कासिल्दाबाईंची कचेरी सांभाळणारी, तिशीतली, तिखट जिभेची मुलगी. शिष्यवृत्तीच्या पत्रांचे गठ्ठे बाईंकडून सही करून घेण्याचं काम तिचं. त्या गठ्ठ्यात एखादा कोरा कागद सरकवणं तिला सगळ्यात सोपं, असं एदुविहेसने तोंडावर सांगितलं.

नेरेइदा चिडली नाही, हसली. "दोन्या एदू, माथ्यावर काय छापलंय बघा ना. वर्षाची ओळ. आमच्या कचेरीतून असा एक कागद दाखवा, मी नोकरी सोडते."

हे खरंच होतं, आणि आपल्याला आधी सुचलं नाही म्हणून एदुविहेस स्वतःवरच वैतागली. दर जानेवारीत विधानसभा कुणा थोर माणसाच्या गौरवाची एक ओळ ठरवी आणि वर्षभर प्रत्येक सरकारी कागदावर ती छापावी लागे. आमदार असतील त्या प्रत्येक वर्षी कासिल्दाबाईंनी त्या ओळीच्या विरोधात मत दिलं होतं. थोर माणसांच्या नावाने शाळांची छपरं दुरुस्त करा, कागद कशाला काळे करता, असं त्यांचं भाषण इतिवृत्तात सात वेळा होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. त्यांची पत्रं ओळीशिवाय जात, आवक-जावक ती परत पाठवी, त्या पुन्हा तशीच पाठवीत. या हट्टापायी एदुविहेसचेच किती दिवस वाया गेले होते. पण कासिल्दाबाईंच्या कचेरीत हे पत्र टंकलेलं नाही एवढं मात्र त्याने सिद्ध झालं.

कासिल्दाबाईंचा बदली आमदार, वकील फाकुन्दो आर्रियागा, चौकातल्या कमानींखाली बुटांना पॉलिश करून घेत चिलाकिलेस खात बसला होता. अंगात नवा कोरा सूट. एदुविहेसने विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं की दोन वर्षं तो प्रत्येक अधिवेशनाला सूट घालून येतो, कारण कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. आज सकाळी पक्षाच्या कचेरीतून फोन आला, तयार राहा म्हणून.

"मास्तरीणबाईंबद्दल वाईट वाटतं हो," तो म्हणाला. तोंडावर वाईट वाटल्याची खूण शोधून सापडली नसती. "पण जबाबदारी आली की घ्यावी लागते. दोन समित्या आहेत त्यांच्याकडे, पाणी आणि शिक्षण. दोन कचेऱ्या, दोन गाड्या. एकट्या माणसाला जड जाणार."

"बारा वाजायच्या आधीच मोजून ठेवलंत, वकीलसाहेब."

त्याने टोमणा कौतुक समजून घेतला आणि तिलाही कॉफी मागवली. कॉफी न पिताच ती उठली.

गटनेते लेओबार्दो तिनाहेरो यांनी तिला बसायला खुर्ची दिली, घरची चौकशी केली, तिच्या गुडघेदुखीवर औषध सुचवलं. पंचवीस वर्षं पक्ष चालवलेला हा माणूस कुणावरही आवाज चढवत नसे. कासिल्दा थकली आहे, असं ते म्हणाले. पाण्याच्या प्रश्नावर सगळ्यांशी भांडून भांडून बिचारी झिजली. काल रात्री घाबरून राजीनामा दिला असेल, सकाळी पस्तावली असेल. बायकांचं मन असतं. एदुविहेसने स्वतःच्या मनाला काय वाटतंय ते सांगितलं नाही, फक्त उठून निघाली.

जिन्यात ती थबकली. फाकुन्दोने दोन समित्या मोजल्या होत्या. पत्रात तीन होत्या. आणि ग्रंथालय समितीचे पाचही सदस्य तिला तोंडपाठ होते, कारण पुस्तकांसाठी वर्षभर त्यांच्याच मागे फिरायचं असतं. त्यात कासिल्दा ओन्तिवेरोस नव्हती.

४

ती धापा टाकत दफ्तरखान्यात परतली. कासिल्दाबाई अजून तिथेच बसल्या होत्या.

"माझ्या समितीवर कधी आलात तुम्ही?"

"कोणत्या समितीवर?"

त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. ज्या पदाचा पत्ताच नाही त्याचा राजीनामा कोण देतो? एदुविहेसने कपाटातून मंगळवारी आलेलं पाकीट काढलं. तिन्ही पक्षांच्या गटनेत्यांच्या बंद दाराआडच्या बैठकीचं टिपण, बांधणीसाठी पाठवलेलं. ती अशी पाकिटं कधी वाचत नसे, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसे. आज वाचलं. लेओबार्दोंच्या सूचनेवरून कासिल्दाबाईंना ग्रंथालय समितीवर घेतलं होतं. जाहीर करायचं होतं आज, बाराच्या बैठकीत. पक्षाला नकोसा झालेला माणूस ग्रंथालय समितीवर टाकायचा, ही इथली जुनीच रीत. बाईंना पाणी समितीवरून काढण्याची ती पहिली पायरी असावी.

म्हणजे हे ठाऊक असलेली माणसं तीन. त्यातले दोघे विरोधी पक्षांचे, विधेयक पाडायला निघालेले. कासिल्दाबाई गेल्या तर त्यांचंच नुकसान. राहिला एक. लेओबार्दोंकडे पदांची नवी यादी तयार होती, आणि राजीनामा टंकताना त्यांनी ती सवयीने अख्खी उतरवली. पदांशिवाय कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही पंचवीस वर्षांची सवय त्यांना नडली.

"मग झालं की," कासिल्दाबाई उठल्या. "चला सभापतींकडे."

"बसा. ते म्हणतील, बाईंनी मला फोन केला, मी टंकून दिलं, बाईंनी सही केली. यात खोटं काय सिद्ध झालं?" एदुविहेसने मूळ पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. मग अकरा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीच्या गठ्ठ्यातून पक्षाचा एक उमेदवारी अर्ज काढून शेजारी ठेवला. लांब कागद, तोच गरुड, बरोबर मध्यावर. तिने पत्र त्याच्यावर ठेवलं. वरचे काठ जुळवले तसे दोन्ही गरुड एकावर एक बसले. खाली अर्जाचा चार बोटं कागद मोकळा राहिला.

"हा लांब कागद पक्षाने वापरणं सोडून आठ वर्षं झाली. त्याचा खालचा तुकडा कापून आजच्या मापाचा केलाय. तुमची सही मजकुराच्या आधीची आहे, मास्तरीणबाई. अकरा वर्षं आधीची. कोऱ्या कागदावरची. आणि हे तुम्हाला सकाळपासून ठाऊक आहे."

कासिल्दाबाईंनी पत्र अर्जावरून उचललं आणि पालथं ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं, तेही तुटक तुटक. पहिली निवडणूक. कायद्याने पक्षाला बायकांना उमेदवारी देणं भाग पडलेलं. आठ जणी पक्षाच्या कचेरीत बोलावल्या. टेबलावर आठ कोरे कागद. लेओबार्दो म्हणाले, नुसती औपचारिकता, सगळ्याच करतात. आठही जणींनी सह्या केल्या. सात जणी निवडून आल्या, महिन्याभरात त्यातल्या सहा जणींच्या प्रकृती बिघडल्या आणि त्यांच्या जागी त्यांचे बदली पुरुष आमदार झाले. कासिल्दाबाई वाचल्या, कारण त्यांचा तेव्हाचा बदली ऐन वेळी अपघातात गेला. पुढे एकदा हरल्या, दोनदा जिंकल्या. तो कागद जळून गेला असेल अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

एदुविहेसचा पारा चढला. चार वर्षांपूर्वी कोऱ्या राजीनाम्यांवर बंदी घालणारा कायदा कुणी आणला होता? याच बाईंनी. तो त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा विजय. त्या चर्चेचा खंड तिने स्वतःच्या हाताने बांधला होता. त्यातलं एक कलम तिला अजून आठवत होतं. ज्या बाईने असा कागद सही करून दिला असेल तिने वर्षाच्या आत कळवावं, नाही तर पुढे कायमची निवडणुकीला अपात्र. बाकीच्या आमदार बायका हात जोडून सांगत होत्या, सही करणारीला शिक्षा नको, तिच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. कासिल्दाबाई ऐकायला तयार नव्हत्या. सही करते ती निम्मी गुन्हेगार, असं त्या गरजल्या होत्या.

"ते कलम तुम्ही घातलंत," एदुविहेस म्हणाली. "तुम्ही. का?"

"मला वाटलं, मी जितकी कडक राहीन तितकं मला कुणी विचारणार नाही." त्यांचा आवाज वर्गात पकडल्या गेलेल्या उनाड पोराचा असावा इतका खाली आला होता. "शरम वाटत होती, दोन्या एदू. रोज वाटते."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. कागद खोटा ठरवायचा तर एकच मार्ग होता, आणि तो बाईंनी आपल्याच हाताने बुजवला होता.

५

सभागृहामागच्या खोलीत एदुविहेसने सभापतींसमोर सगळं मांडलं. वर्षाची ओळ, तिसरी समिती, मंगळवारचं टिपण, गरुड. लेओबार्दो शांतपणे ऐकत होते.

"दोन्या एदूंचं कौतुक वाटतं," ते म्हणाले. "टंकलं माझ्या कचेरीत, कबूल. कासिल्दाने फोनवर सांगितलं आणि मी घाईत नवी यादी लावली. कागद जुना सापडला असेल, आम्ही काटकसर करतो. सही काल संध्याकाळी माझ्यासमोर झाली. ती तशी झाली नाही असं सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. ती कधी झाली, कशी झाली, हे तिने सभागृहात उभं राहून सांगावं. मी थांबतो."

त्यांनी कासिल्दाबाईंकडे पाहिलंही नाही. गरजच नव्हती. त्यांनी तो कागद अकरा वर्षं जपला होता, आणि त्या कलमाच्या बाजूने मतही दिलं होतं. बाई गप्प राहिल्या तर आज जातील, बोलल्या तर पुढच्या वर्षी. सापळा चोख होता, आणि त्याचा निम्मा भाग बाईंनीच घडवला होता याचा एदुविहेसला संताप आला.

बारा वाजले. सभापतींनी बैठक सुरू केली आणि पत्र हातात घेतलं. वाचण्याआधी संबंधित सदस्याला काही म्हणायचं आहे का, अशी विचारणा करायचा प्रघात होता. ती झाली.

कासिल्दाबाई बोलायच्या जागी गेल्या. हातात कागद नव्हता.

"ही सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वीची. कोऱ्या कागदावर केलेली, लेओबार्दो यांच्या टेबलावर. मला आमदार व्हायचं होतं म्हणून केली. मजकूर माझा नाही. ही सही मी केली हे कायद्याप्रमाणे कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही."

लेओबार्दो टेबलावरचे कागद सारखे करू लागले. प्रेक्षकांच्या सज्जात एल कारिसालहून आलेली माणसं टोप्या हातात धरून बसली होती. त्यांच्यातल्या कित्येकांना बाईंनी अक्षरओळख करून दिली होती. त्यांना आत्ता कुठे समजत होतं की बाई काय करून बसल्या आहेत.

सभापती बाउदेलियो पुढे झुकले. आयुष्यात प्रथमच ते भांडणापासून पळत नव्हते. राजीनामा बाजूला ठेवला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मग आवाज उतरवून म्हणाले की सन्माननीय सदस्या भावनेच्या भरात बोलल्या असतील, त्यांची इच्छा असेल तर शेवटची दोन वाक्यं इतिवृत्तातून वगळता येतील. वगळली तर ती बोललीच गेली नाहीत असं धरलं जाईल.

वर सज्जाच्या दाराशी उभी असलेली एदुविहेस पुटपुटली, हो म्हणा. कलमं, नियम, इतिवृत्तं यांच्यात तिचं सारं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातला एकही शब्द आजवर तिने कुणासाठी गाळला नव्हता. आज तिला तो गाळलेला हवा होता. एकदा तरी हट्ट सोडा, बाई.

कासिल्दाबाईंनी टिपण घेणाऱ्या मुलीकडे पाहिलं. तिची लेखणी वर थांबली होती.

"लिही बाळ," त्या म्हणाल्या. "सगळं लिही."

मग मतदान झालं. नावं पुकारली गेली, आणि प्रत्येकाने रीतीप्रमाणे आपलं नाव सांगून मत सांगितलं. कासिल्दा ओन्तिवेरोस, विरोधात. बाजूने बारा, विरोधात तेरा. लेओबार्दोंना तीन दिवसांनी सरकारी वकिलांचं बोलावणं आलं आणि ते प्रकृतीच्या कारणास्तव गेले नाहीत. झरा गावाकडेच राहिला. पुढच्या वर्षी एल कारिसालची माणसं शाळेतल्या मतदान केंद्रावर रांग लावतील, तेव्हा त्यांच्या हातातल्या मतपत्रिकेवर कासिल्दाबाईंचं नाव नसेल.